लहान आकाराची रंगीत चित्रे : रंगांच्या नोंदीपासून विक्रीपर्यंत

पाच बाय सात इंचांच्या कागदावर मंडई, देऊळ, नदीचा घाट असे काहीही रंगवता येते. परंतु ते चित्र भिंतीवर लागले, की चार पावलांवरून पाहणाऱ्याला कमानींची नक्षी किंवा माणसांचे चेहरे दिसत नाहीत. दोन-तीन रंगांचे ठळक आकार तेवढे दिसतात. स्वतःच्या जबाबदारीवर चित्रे काढून विकणाऱ्या चित्रकाराने कामाची आखणी याच वस्तुस्थितीपासून सुरू करावी, असे माझे मत आहे. ‘आज काय काढावे’ या प्रश्नापुढे बसून राहणारे बहुतेक जण विषय शोधत असतात. लहान चित्रापुरते बोलायचे, तर शोध विषयाचा नव्हे, एकमेकांशेजारी उभ्या राहिलेल्या रंगांचा असावा. पुढची सगळी कृती गवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, हे माध्यम धरून दिली आहे, कारण लहान आकारात ठाम आणि भरीव रंग मिळवण्यासाठी ते सर्वांत सोयीचे पडते. ॲक्रिलिक वापरणाऱ्यांनाही यातले पुष्कळसे लागू पडेल.

आकार आधी ठरवावा

जलरंगाच्या कागदाचा पूर्ण ताव साधारणपणे २२ × ३० इंचांचा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे चार-चार भाग केले, की साडेपाच बाय साडेसात इंचांचे सोळा तुकडे मिळतात आणि कागद वाया जात नाही. प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी पाव इंच मास्किंग टेप लावली, की आत बरोबर ५ × ७ इंच जागा उरते. याच मापाच्या चौकटी कोणत्याही फ्रेमवाल्याकडे तयार असतात, त्यामुळे पुढचा खर्च आणि गिऱ्हाइकाची दगदग दोन्ही वाचतात. किमान सोळा चित्रे तरी एकाच मापात करावीत. दर वेळी आकार बदलणाऱ्याचा निम्मा विचार चौकटीत काय मावेल यातच खर्ची पडतो.

रंगांच्या नोंदी

खिशात मावेल अशी जाड कागदाची वही, चार-पाच रंगांची लहान डबी आणि पाणी भरून ठेवता येणारा ब्रश एवढ्या साहित्यावर हे काम होते. बाहेर पडल्यावर दृश्य रेखाटायचे नाही. नजर जिथे थबकली तिथल्या मुख्य दोन किंवा तीन रंगांचे चौकोन, जितक्या प्रमाणात ते दिसतात तितक्या प्रमाणात, एकमेकांना चिकटवून रंगवायचे. बाजूला जागा, वेळ आणि उजेड कोठून येत होता एवढेच पेन्सिलीने लिहायचे. आमसुली, मोरपंखी, अबोली, श्रीखंडी, विटकरी असे साड्यांच्या दुकानातले रंग आपल्याला बोलण्यातून ठाऊक असतात. चौकोनाखाली तेही लिहावेत, कारण महिन्याभराने ‘फिकट लाल’ या शब्दांतून काहीही डोळ्यांपुढे येत नाही आणि ‘अबोली’ म्हटल्याबरोबर नेमकी छटा आठवते.

उदाहरणादाखल पावसाळ्यातल्या कोणत्याही फुलबाजाराकडे पाहावे. फुलवाल्यांनी डोक्यावर निळी ताडपत्री बांधलेली असते. ऊन पडले, की ताडपत्रीतून गाळून आलेला निळसर उजेड खालच्या झेंडूच्या ढिगावर पडतो आणि एरवी भडक असणारा तो नारिंगी रंग करडा, जवळजवळ कथ्थई दिसू लागतो. ढिगाची एक कड मात्र ताडपत्रीच्या बाहेर आलेली असते. तिच्यावर थेट ऊन पडते आणि बोटभर रुंदीची तेवढीच पट्टी पेटल्यासारखी दिसते. मागे निळे, मध्ये मळकट तांबूस आणि त्यावर नारिंगी रंगाची एकच धार, एवढी नोंद एका चित्राला पुरते. ‘फुलबाजार’ हा विषय हजारांनी रंगवला असेल. ही धार ज्याने पाहिली, तिची नोंद त्याच्याच वहीत असते.

मोबाइलने छायाचित्र जरूर घ्यावे, परंतु ते आकार आठवण्यापुरते. फोनचा कॅमेरा सावल्या उजळतो आणि रंग भडक करतो. वरच्या उदाहरणातला मळकट नारिंगी आणि उन्हातला नारिंगी त्याला बरेचदा सारखेच दिसतात, म्हणजे ज्या फरकासाठी आपण थांबलो तोच नाहीसा होतो. दुसऱ्याने घेतलेल्या छायाचित्रावरून चित्र करून विकायचे असेल, तर परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे इंटरनेटवर सापडलेले चित्र ‘संदर्भ’ म्हणून जसेच्या तसे उतरवणे हे नुसते संकोचाचे नव्हे, कायद्याच्या अडचणीचेही काम आहे.

जुन्या लहान चित्रांकडून

तळहाताएवढ्या जागेत रंग कसे वागवावेत, याचे उत्तम धडे आपल्या जवळपासच आहेत. सावंतवाडीच्या गंजिफा हे त्यांतले पहिले. दशावतारी गंजिफाच्या संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० गोल पत्ते असतात. खेळणाऱ्याला पत्ता कोणत्या अवताराचा आहे हे क्षणात कळायला हवे, म्हणून चित्रकार एका रंगाची सपाट पार्श्वभूमी घेतो आणि तिच्यावर मोजक्या छटांत आकृती बसवतो. पत्ता हातभर अंतरावर धरून पाहावा, म्हणजे तपशील मागे पडून पार्श्वभूमीचा रंग आधी पोचतो हे दिसून येते. पिंगुळीची चित्रकथी (चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याच्या परंपरेतली चित्रे) आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली पैठण शैलीची चित्रे यांत ठळक काळी बाह्यरेषा भडक रंगांना एकमेकांवर सांडू देत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांसमोर मात्र वेळ काढून उभे राहावे. तिथे चित्राची नक्कल करत बसण्याऐवजी प्रत्येक चित्रात सर्वांत मोठी जागा कोणत्या रंगाने व्यापली आहे आणि सर्वांत तेजस्वी रंग किती थोड्या जागेत आहे, एवढेच चौकोन वहीत काढावेत. असे दहा-बारा चौकोन झाले, की जी चित्रे ‘रंगीबेरंगी’ म्हणून लक्षात राहिली होती त्यांत शांत रंगांनी किती मोठी जागा घेतली आहे, याचे नवल वाटते. माझा स्वतःचा ढोबळ हिशेब असा : चित्राच्या दहा भागांपैकी सहा-सात भाग दबलेल्या रंगांचे, दोन-तीन मधल्या रंगांचे आणि जेमतेम एक भाग झळाळत्या रंगाचा. सगळेच रंग ओरडू लागले, की कोणाचेच ऐकू येत नाही.

जागा एक, चित्रे अनेक

वहीत पंधरा-वीस नोंदी जमल्या, की त्यांतली एक जागा निवडून तिच्यावर मालिका करावी. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी (निधन १९३१) कोटीतीर्थाचा परिसर, रंकाळा आणि पंचगंगेचा काठ पुन:पुन्हा रंगवला. तेच पाणी आणि तीच झाडे असूनही उजेड बदलला, की चित्र बदलते, हे त्यांच्या निसर्गचित्रांत दिसते. नव्या जागेच्या शोधात भटकण्यात जाणारा वेळ मालिकेमुळे वाचतो. शिवाय विक्रीच्या दृष्टीनेही, सहा वेगवेगळ्या विषयांच्या सहा चित्रांपेक्षा एकाच गल्लीची सहा चित्रे शेजारी मांडली तर पाहणारा जास्त वेळ थांबतो आणि पुष्कळदा दोन एकदम घेतो.

मालिकेसाठी बंधन घालून घ्यावे आणि ते लिहून ठेवावे : एकच जागा, एकच माप, तीनच रंग आणि पांढरा. पहिली दोन-तीन चित्रे सहज होतात, कारण ती आधीच डोक्यात असतात. चौथ्या-पाचव्या चित्राला कंटाळा येतो. नेमक्या त्याच टप्प्यावर माणूस दाराची चौकट सोडून तिच्या सावलीकडे किंवा वाळत घातलेल्या चादरीकडे पाहू लागतो. तेव्हा मालिका सहाच्या आत थांबवू नये.

सामान

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, घ्यावा. त्याहून पातळ कागद ओला झाला, की वाकतो. सुती कागद महाग असला, तरी विकायच्या चित्रांसाठी तोच वापरावा, सरावासाठी साधा चालतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून चालत आलेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी मिळणारा कागद देखणा असतो, परंतु कोणताही हातकागद रंगवण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब लगेच शोषला गेला, तर त्या कागदावर पातळ रंग पसरेल आणि टेप काढताना वरचा थर निघून येईल. असा कागद कोरड्या, दाट रंगासाठी ठेवावा.

रंगांच्या बाबतीत थोडे थांबले पाहिजे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांमुळे मराठी घरांत पोस्टर कलरच्या बाटल्या सर्वपरिचित आहेत आणि सरावाला त्या उत्तम आहेत. परंतु विकलेले चित्र दुसऱ्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षे राहणार असते, म्हणून त्यासाठी नळीवर रंगद्रव्याचा संकेतांक छापलेले आर्टिस्ट दर्जाचे रंग घ्यावेत. लेमन यलो (पीवाय ३), क्विनाक्रिडोन मॅजेंटा (पीआर १२२) किंवा रोज (पीव्ही १९), थॅलो ब्लू (पीबी १५), टायटॅनियम व्हाइट आणि बर्न्ट सिएना एवढ्या पाच नळ्यांत बहुतेक सर्व काही बनते. अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) आणि चमकणारे फ्लुरोसंट गुलाबी रंग मोहात पाडतात, पण उजेडात उडतात. विकायच्या चित्रांत ते घालू नयेत. काळा रंग विकत घ्यायची गरज नाही. थॅलो ब्लू, मॅजेंटा आणि बर्न्ट सिएना मिसळले, की काळ्याच्या जवळ जाणारा गडद रंग मिळतो आणि तो इतर रंगांशी नाते राखतो.

ब्रश तीन पुरेत : अर्ध्या इंचाचा चपटा, सहा नंबरचा गोल आणि दोन नंबरचा गोल. दोन नंबरचा ब्रश शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत हाती घेऊ नये. पाण्याची भांडी दोन, एक धुण्यासाठी आणि एक स्वच्छ पाण्याचे.

एक चित्र, पहिल्या रेषेपासून

वरचीच ताडपत्रीची नोंद घेऊ. हार्डबोर्डच्या एका फळीवर चार तुकडे टेपने शेजारी-शेजारी लावावेत. एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम चालते, आणि चारांपैकी एक फसले तरी हात आखडत नाही.

प्रथम वहीच्या पानावर काडेपेटीएवढ्या चौकटी आखून त्यांत पेन्सिलीने तीनच छटांची (उजळ, मध्यम, गडद) मांडणी करावी. ताडपत्री वरचा निम्मा भाग व्यापील, की पाऊण? उन्हाची धार मध्यावर येईल, की खालच्या उजव्या कोपऱ्याकडे? चार-पाच मांडण्या केल्यावर डोळे किलकिले करून पाहावे आणि जी सर्वांत लवकर वाचता येते ती निवडावी. या पंधरा मिनिटांची टाळाटाळ केलेली चित्रे पुढे दोन-दोन तास दुरुस्त करावी लागतात.

मग कागदावर बर्न्ट सिएनाचा पातळ हात मारून तो पूर्ण वाळू द्यावा. पांढऱ्या कागदावर कोणताही रंग गडद भासतो आणि अंदाज चुकतो. तांबूस थरावर तो नीट कळतो, शिवाय ब्रशच्या फटींतून डोकावणारा तो तांबूसपणा सगळ्या चित्राला एका सूत्रात बांधतो. आता चपट्या ब्रशने मोठे आकार भरावेत. ताडपत्रीसाठी थॅलो ब्लूमध्ये पांढरा आणि किंचित मॅजेंटा. थॅलो एकटा वापरला, तर तो हिरव्याकडे झुकतो आणि फार कडक दिसतो. खालच्या ओल्या जमिनीसाठी बर्न्ट सिएना आणि निळा, पांढऱ्याशिवाय.

झेंडूचा नारिंगी लेमन यलोत थोडा-थोडा मॅजेंटा घालत बनवावा. हा रंग भरपूर बनवून त्याचे पॅलेटवरच दोन भाग करावेत. एका भागात अगदी थेंबभर निळा घातला, की तो लगेच कथ्थईकडे वळतो; हा सावलीतला झेंडू. नारिंगी आणि निळा परस्परविरोधी रंग असल्याने एकमेकांना विझवतात, आणि प्रत्यक्ष दृश्यात ताडपत्रीखालचा निळा उजेडही हेच करत होता. दुसरा भाग न बिघडवता बाजूला ठेवावा. सावलीच्या रंगात पांढरा मिसळण्याचा मोह टाळावा, कारण त्याने सावली खडूसारखी पिठूळ होते.

गवाशच्या दोन सवयी सुरुवातीला गोंधळात टाकतात. वाळताना उजळ छटा किंचित गडद होतात आणि गडद छटा किंचित फिकट होतात. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका कागदाच्या कपट्यावर वाळवून पाहावा. दुसरे असे, की वाळलेला थर पाण्याने पुन्हा सुटतो. पहिला थर ताकाइतका पातळ चालतो, पण वरचा थर दाट ठेवून एका फटकाऱ्यात लावावा आणि ब्रश तिथे पुन्हा घासू नये, नाहीतर खालचा निळा वर येऊन नारिंगी मळतो.

मोठे आकार वाळले, की फोनवर चित्राचा कृष्णधवल फोटो घ्यावा. ताडपत्री आणि झेंडू एकाच राखाडी छटेचे दिसत असतील, तर रंग कितीही वेगळे असले तरी चित्र सपाट वाटेल. त्यांतला एक गडद करावा. त्यानंतर फुलवाल्याची आकृती एकाच गडद आकारात, डोके आणि खांदा एवढाच इशारा देऊन बसवावी. सर्वांत शेवटी बाजूला ठेवलेला शुद्ध नारिंगी घेऊन उन्हाची धार ओढावी आणि तिच्यात तीन-चार ठिकाणी जवळजवळ शुद्ध लेमन यलोचे ठिपके ठेवावेत. एकेका फुलाच्या पाकळ्या काढायच्या नाहीत. इथे हात थांबला पाहिजे. लहान चित्र अपुरेपणाने क्वचित बिघडते, जास्त काम केल्याने मात्र नेहमी.

टेप चित्र पूर्ण वाळल्यावरच, चित्रापासून बाहेरच्या दिशेने तिरपी ओढत काढावी; चिकटून बसली असेल, तर हेअर ड्रायरची थोडी ऊब द्यावी. मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, शीर्षक, वर्ष आणि माध्यम लिहावे. बॉलपेन दाबले जाते आणि पुढून उमटते.

पावसाळा आणि ऊन

जलरंगांतल्या डिंकाला आणि कागदाला दमट हवेत बुरशी लागते. कोकणात आणि मुंबईत आषाढ-श्रावणात रंगांची डबी ओली बंद करून ठेवू नये. वाळलेली चित्रे बटर पेपर मध्ये घालून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. ॲक्रिलिकची चित्रे एकावर एक ठेवली, तर वाळलेली असूनही एकमेकांना चिकटतात. त्यांच्यामध्ये कागद हवाच.

आपले रंग उडतात का, हे स्वतः तपासता येते. प्रत्येक नळीचा एक पट्टा कागदावर ओढावा, पट्ट्यांचा अर्धा भाग काळ्या जाड कागदाने घट्ट झाकावा आणि तो पट्ट्यांचा कागद पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून फेब्रुवारी ते मे ठेवावा. मे अखेर काळा कागद काढला, की कोणत्या नळ्या विक्रीच्या चित्रांतून बाद करायच्या ते उघड होते. फ्रेम करताना चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, असावा. काचेला टेकलेला गवाश दमट हवेत तिला चिकटतो.

स्कॅन, किंमत, टपाल

विकण्यापूर्वी प्रत्येक चित्र ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावे. ५ × ७ इंचांचे चित्र या मापाने ३००० × ४२०० पिक्सेलचे होते आणि ३०० डीपीआयने छापल्यास १० × १४ इंचांचा चांगला प्रिंट निघतो. मूळ चित्र गेल्यावर हे स्कॅन हीच आपल्याकडची नोंद.

किमतीसाठी चौरस इंचाचा दर सोयीचा पडतो, कारण घासाघीस आली तरी बोलायला आधार असतो. समजा दर ४० रुपये धरला, तर ३५ चौरस इंचांचे १४०० रुपये झाले. फ्रेमचे ५०० धरून १९००, सरळ २००० सांगावेत. दुकानाने किंवा दालनाने ३० टक्के घेतले, तर ६०० तिकडे जातात, ५०० फ्रेमला जातात आणि हाती ९०० उरतात. या ९०० मध्ये आपला कागद, रंग आणि वेळ बसतो का, हे पाहूनच मूळ दर ठरवावा. लहान चित्राचा चौरस इंचाचा दर मोठ्या चित्रापेक्षा जास्त असणे रास्त आहे. स्कॅन, पॅकिंग आणि गिऱ्हाइकाशी बोलणे यांना दोन्हीकडे तेवढेच कष्ट लागतात. घरून, प्रदर्शनात आणि दालनात किंमत एकच ठेवावी, नाहीतर दालनवाला पुढच्या वेळी चित्रे घेत नाही.

पहिल्या विक्रीसाठी मोठ्या दालनाची वाट पाहण्याचे कारण नाही. मुंबईत जहांगीर कलादालनाच्या बाहेर पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडतात. तिथे एक संध्याकाळ नुसते उभे राहून लोक कोणत्या मापाच्या चित्राला हात लावतात ते पाहिले, तरी बरेच कळते. दिवाळीच्या भेटींसाठी चित्रे विकायची असतील, तर गणेशचतुर्थीपूर्वी ती स्कॅन होऊन तयार असावीत.

टपालाने पाठवताना चित्र आधी बटर पेपर मध्ये आणि मग प्लास्टिकच्या पाकिटात घालावे. ते पन्हळी पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवावे आणि एका तुकड्याच्या पन्हळी आडव्या, दुसऱ्याच्या उभ्या येतील असे लावावेत. मग पार्सल कोणत्याही दिशेने वाकत नाही. पुठ्ठा चित्रापेक्षा सर्व बाजूंनी निदान एक इंच मोठा असावा, कारण मार पहिल्यांदा कोपऱ्यांना बसतो. काचेची फ्रेम टपालाने पाठवू नये. चित्र माउंटसह पाठवावे आणि चौकटीचे माप पत्रात लिहून द्यावे, म्हणजे घेणारा आपल्या गावच्या फ्रेमवाल्याकडून ते काम करून घेऊ शकतो.